निनावी तक्रार आली तर समितीने काय करावं? (मेडिकल कॉलेज)

पळसफूल
नमस्कार मंडळी. मी एका जिल्ह्याच्या गावातल्या मेडिकल कॉलेजात शिकवते. विषय प्रीक्लिनिकल (म्हणजे पेशंटशी थेट संबंध नसलेला), कॉलेजचं नाव विचारू नका. मध्यंतरी डीनसाहेबांनी एक समिती नेमली आणि त्यात माझं नाव घातलं, कारण आमच्या विभागाला काही काम नसतं असा क्लिनिकलवाल्यांचा लाडका समज आहे. विद्यार्थी, इंटर्न, रेसिडेंट (पदव्युत्तर शिकणारे निवासी डॉक्टर) आणि शिक्षक यांच्या वागणुकीबद्दल तक्रार आली तर तिचं काय करायचं, याची पद्धत आम्ही ठरवायची आहे. रॅगिंगसाठी वेगळी समिती आहे, लैंगिक छळासाठी वेगळी. त्या दोन्हींत न बसणारं सगळं आमच्या गळ्यात.

आणि तेच पुष्कळ आहे. राउंडला रेसिडेंटने केसपेपर इंटर्नच्या अंगावर फेकला. ओटीतला (ऑपरेशन थिएटरमधला) पेशंटचा फोटो कुणीतरी स्टेटसला ठेवला. फायनल इयरचा मुलगा आईच्या वयाच्या, वॉर्डात काम करणाऱ्या मावशींना अगंतुगं करतो. सर क्लिनिकला फिरकत नाहीत, पण रजिस्टरवर सही रोजची.

आता मुद्दा. तक्रारपेटीत एक छापील कागद आला, खाली सही नाही. एक शिक्षक क्लिनिकला, पेशंटच्या खाटेशी, मुलांना विचारतात, "नीटला किती होते? प्रवेशाच्या कितव्या राउंडला लागलास?" आणि उत्तर ऐकून "वाटलंच" म्हणून पुढच्याकडे वळतात. कागदावर विभाग आहे, नाव नाही. नावाची गरजही नाही, विभागात सगळ्यांना माहीत आहे.

समितीत दोन तट पडलेत. एक म्हणतो निनावी कागद फाडून टाका, उद्या कुणीही उठून काहीही लिहील. दुसरा म्हणतो चौकशी लावा. मला दोन्ही पटत नाही. तुमचे अनुभव सांगा.

खोडकर_खारूताई
पहिला प्रश्न: तक्रारपेटी डीनच्या केबिनबाहेर, सीसीटीव्हीच्या बरोबर खाली आहे ना?

पळसफूल
@खारूताई, तुम्ही आमच्या कॉलेजात आहात का?

जुना_स्काल्पेल
माझं एमएस ऐंशीच्या दशकातलं. आमचे सर ओटीत आर्टरी फोर्सेप्स फेकून मारायचे. गाठ सैल बसली तर बोटांवर टोला. राउंडला केस नीट सांगता आली नाही तर "घरी जा, दुकान टाक" हे पेशंटसमोर ऐकलंय. आमच्यापैकी कुणी पेटीत चिठ्ठ्या टाकल्या नाहीत. त्याच सरांच्या नावाने आज आम्ही बॅचवाले दर वर्षी व्याख्यान ठेवतो.

शल्यशाखेत चूक झाली की माणूस जातो. तिथे "बाळा, तुला काय वाटतं" असं विचारत बसायला वेळ नसतो. आताच्या मुलांना आवाज चढला की मानसिक त्रास होतो. समित्या वाढल्या की शिक्षक हात आखडता घेणार, शिकवणंच बंद करणार. कमी बोला, सही करा, घरी जा. नुकसान कुणाचं?

निनावी कागदाबद्दल म्हणाल तर, ज्याला सही करायची हिंमत नाही त्याने उद्या मृत्यूच्या दाखल्यावर सही कशी करायची?

वैशाखवणवा
@जुना_स्काल्पेल सर, आदर राखून. सही करायला हिंमत लागते हे खरं. मी केली होती.

रेसिडेन्सीच्या फर्स्ट इयरला असताना आमच्या युनिटच्या एका सीनिअरबद्दल लेखी दिलं. मारहाण वगैरे नव्हती. सलग इमर्जन्सी लावायच्या, जेवायला जाऊ द्यायचं नाही, आणि नातेवाइकांसमोर "हिला काही येत नाही, हिच्याकडून इंजेक्शन घेऊ नका" म्हणायचं. हे शेवटचं मला सगळ्यात लागलं, कारण त्यानंतर त्या खोलीतले पेशंट खरंच माझ्याकडून रक्तसुद्धा काढून घेईनात.

अर्ज एचओडींच्या (विभागप्रमुखांच्या) नावे द्यावा लागला, कारण दुसरा रस्ताच नव्हता. दुसऱ्या दिवशी विभागाच्या मीटिंगमध्ये तो मोठ्याने वाचला गेला, त्या सीनिअरच्या देखत. मग "तुम्ही दोघं आपसांत मिटवा." पुढे काय झालं ते इथल्या रेसिडेंटांना सांगायला नको. थिसिसच्या फाइलवर प्रत्येक वेळी नवीन शंका. रजेचा अर्ज सापडेना. "टर्म ग्रँट होईल ना तुझी?" (म्हणजे परीक्षेला बसू देतील ना) असं हसत हसत विचारणं. यातलं एकही वाक्य तक्रारीत लिहिता येण्यासारखं नाही, कारण कुणी काही केलेलंच नाही.

ज्याच्याकडे तक्रार द्यायची त्याच्याच सहीवर डिग्री अडकलेली असेल, तर बाकी नियम कितीही सुंदर लिहा.

मिरज_मेल
+१. शेवटचं वाक्य त्या समितीच्या भिंतीवर लावा.

कलमबहाद्दर
वकील आहे, डॉक्टर नाही. पण या विषयातली दोन-तीन प्रकरणं पाहिलीत, म्हणून कायद्याचं तेवढं सांगतो.

पळसफूलताई, "उरलेलं सगळं आमच्याकडे" असं म्हणालात तिथेच सांभाळा. बरंचसं उरलेलं नसतंच. महाराष्ट्राचा रॅगिंग प्रतिबंधक कायदा १९९९ चा आहे आणि त्यातली व्याख्या रुंद आहे. विद्यार्थ्याला भीती, लाज, मानसिक इजा होईल असं वागणं त्यात येतं. तक्रार आल्यावर संस्थाप्रमुखाने सात दिवसांत चौकशी करायची. प्रथमदर्शनी तथ्य दिसलं तर आरोप असलेल्या विद्यार्थ्याला निलंबित करून तक्रार पोलिसांकडे पाठवायची. तथ्य नसेल तर तसं तक्रारदाराला लेखी कळवायचं. प्रमुखाने हे केलं नाही तर त्याने रॅगिंगला साथ दिली असं मानलं जातं. गुन्हा सिद्ध झाल्यास दोन वर्षांपर्यंत कैद आणि पाच वर्षं दुसरीकडे प्रवेश नाही. वैशाखवणवा यांच्या बाबतीत "आपसांत मिटवा" म्हणणाऱ्यांना हे कलम वाचून दाखवायला हवं होतं.

लैंगिक छळाचा २०१३ चा कायदा वेगळा. तिथे समेट फक्त तक्रारदार बाईने मागितला तरच, आणि पैशांवर नाही. शिवाय तक्रार सिद्ध करता आली नाही एवढ्यावरून ती खोटी ठरत नाही, हे कायद्यातच लिहिलंय. जातीवरून अपमान असेल तर १९८९ चा अ‍ॅट्रॉसिटी कायदा आहे. या तिन्हींतलं काही दिसलं की तुमच्या समितीने हात लावायचा नाही, योग्य जागी पोचवायचं. "चहा पाजून मिटवलं" हे पुढे तुमच्याच अंगाशी येईल.

निनावी तक्रारींवर कारवाई करू नये असं केंद्रीय दक्षता आयोगाचं धोरण आहे, तुमचा पहिला तट बहुधा त्याचाच दाखला देईल. पण ते भ्रष्टाचाराच्या तक्रारींसाठी आहे. उलट यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २००९ च्या रॅगिंग नियमांत पहिल्या वर्षाच्या मुलांकडून सुरुवातीचे तीन महिने दर पंधरवड्याला निनावी पाहणी करून घ्यायला सांगितलंय. म्हणजे नाव न घेता विचारणं नियमालाच मान्य आहे.

पाचवा_मजला
दर पंधरवड्याला? आमच्याकडे प्रवेशाच्या दिवशी शपथपत्र भरून घेतलं, संपलं.

खोडकर_खारूताई
आमच्याकडे अँटी रॅगिंगचा फलक लावायला फर्स्ट इयरच्या पोरांनाच शिडीवर चढवलं होतं. सीनिअर खालून सूचना देत होते.

पाचवा_मजला
😂😂 आणि सूचना ऐकून घ्यायला मान खाली, रॅगिंगच्या जुन्या नियमाप्रमाणे नजर तिसऱ्या बटणावर.

टेम्सकाठचा_सातारकर
गेली बरीच वर्षं इंग्लंडमध्ये आहे, त्यामुळे इकडचं लिहितो. "आमच्याकडे बघा किती छान" असा सूर नाही, तो गैरसमज आधीच काढतो.

मिड स्टॅफर्डशायरच्या रुग्णालयातल्या हलगर्जीची चौकशी झाली, त्यानंतर २०१५ च्या फ्रान्सिस अहवालातून एनएचएसच्या (इथल्या सरकारी आरोग्यसेवेच्या) प्रत्येक ट्रस्टमध्ये 'फ्रीडम टू स्पीक अप गार्डियन' नेमायची पद्धत आली. हा माणूस तुमच्या विभागाचा नसतो, तुमचं मूल्यमापन करत नाही आणि थेट वरिष्ठ व्यवस्थापनाशी बोलू शकतो. ज्युनिअर डॉक्टरांच्या २०१६ च्या करारात आणखी एक गोष्ट आली. ड्यूटी ठरल्यापेक्षा लांबली किंवा शिकवणं बुडलं की ऑनलाइन नोंद करायची. तिला तक्रार म्हणत नाहीत, त्यामुळे करणाऱ्यावर "तक्रारखोर" हा शिक्का बसत नाही, निदान कागदोपत्री. प्रत्यक्षात कन्सल्टंटची भुवई वर जाते आणि बरीच मुलं नोंद करतच नाहीत.

विद्यार्थ्यांच्या वागण्यासाठी इथे कॉलेजचीच 'फिटनेस टू प्रॅक्टिस'ची, म्हणजे मुलगा डॉक्टर व्हायला लायक आहे का ते तपासायची, प्रक्रिया असते. पेशंटचा फोटो स्टेटसला ठेवणारा मुलगा इथे त्या वाटेला लागू शकतो. पण लगेच नाही. आधी त्याला बोलावून विचारतात, काय झालं होतं? कधी कधी उत्तरात वेगळंच निघतं. व्यसन, नैराश्य, घरची अडचण. मग तो रस्ता उपचाराकडे वळतो.

सारिका_नोट्स
मेडिकल एज्युकेशन युनिटमध्ये आहे, म्हणून हा विषय जिव्हाळ्याचा. सातारकरांनी विद्यार्थ्यांचा मुद्दा काढला ते बरं झालं, आपण सगळे शिक्षक आणि सीनिअरांवरच अडकलो होतो.

२००५ साली मॅक्सीन पापाडाकिस आणि सहकाऱ्यांचा एक अभ्यास आला. अमेरिकेतल्या राज्यांच्या वैद्यकीय मंडळांनी शिक्षा केलेले २३५ डॉक्टर घेतले, ते तीन मेडिकल कॉलेजांतून शिकलेले होते. त्यांच्या विद्यार्थिदशेतल्या फायली काढल्या आणि शिक्षा न झालेल्या ४६९ जणांशी तुलना केली. शिक्षा झालेल्यांच्या फायलींत कॉलेजात असतानाच गैरवर्तनाची नोंद असण्याचं प्रमाण सुमारे दुप्पट निघालं. सगळ्यात जोरदार धागा दोन गोष्टींचा होता: टोकाचा बेजबाबदारपणा, आणि चूक दाखवल्यावर सुधारायची तयारी नसणं. उद्धटपणापेक्षा हे जास्त बोलकं वाटतं मला. मावशींना अगंतुगं करणाऱ्याला सांगितल्यावर तो काय करतो, ते लिहून ठेवा.

दुसरं, व्हँडरबिल्ट विद्यापीठात जेरल्ड हिक्सन यांनी बसवलेली पायऱ्यांची पद्धत. एकटी-दुकटी घटना असेल तर बरोबरीचा सहकारी जाऊन कॉफी पीत पीत सांगतो, "असं असं कानावर आलंय, तुला कळावं म्हणून." न्यायनिवाडा नाही, लेखी माफी नाही. तशाच नोंदी पुन्हा पुन्हा आल्या तर आकडे समोर ठेवून बसवायचं. तरी बदल नाही, मग अधिकाऱ्यांकडे. आणि कायद्याने थेट कळवायलाच हवं अशा गोष्टींना ही कॉफी लागू नाही, कलमबहाद्दर म्हणाले तेच.

आपल्याकडे खालची पायरीच नाही. एक तर सगळं पोटात घालायचं, नाहीतर एकदम पोलीस. मधल्या माणसाने जायचं कुठून?

खोडकर_खारूताई
कॉफी नको, कटिंग चालेल. फक्त कॅन्टीनच्या पैशांची तरतूद कुठल्या शीर्षाखाली ते समितीने ठरवावं.

पाचवा_मजला
आमच्या कॅन्टीनचा चहा पाजणं हीच शिक्षा धरा, तीन पायऱ्या वाचतील.

मिरज_मेल
चहावरून आठवलं, रात्री दोनला हॉस्पिटलच्या गेटबाहेर भुर्जी-पाव मिळायचा, तो अण्णा अजून आहे का कुणाला माहीत? नाइट ड्यूटीत तेवढाच काय तो आधार.

पाचवा_मजला
कुठलं गेट? मागच्या, पोस्टमॉर्टेमकडच्या गेटचा असेल तर हो, आता त्याचा मुलगा बसतो. हिरवी मिरची तेवढीच सढळ.

व्यवस्थापक
भुर्जीसाठी पाककृती विभागात वेगळा धागा आहे. तसंच दोन प्रतिसादांत कॉलेज ओळखू येईल असे उल्लेख होते, ते काढले आहेत. कृपया संस्था आणि व्यक्तींची नावं टाळा.

लेखणी_नको_खडू_द्या
दुसरी बाजू लिहिते, वाईट दिसलं तरी चालेल.

नव्या अभ्यासक्रमात थिअरीला ७५ आणि प्रॅक्टिकलला ८० टक्के हजेरी लागते. एका मुलाची भरत नव्हती, मी भरून द्यायला नकार दिला. आठवड्याभरात माझ्याविरुद्ध निनावी अर्ज: मॅडम अपमान करतात, भेदभाव करतात. अर्ज माझ्यापर्यंत आलाच नाही. आला तो गवगवा. सहकारी बोलता बोलता थांबायला लागले. मला कुणी विचारलं नाही, क्लीन चिटही दिली नाही, कारण चौकशीच झाली नव्हती. आजही माझ्या फाइलला तो कागद टाचलेला आहे की फाडलाय, मला माहीत नाही.

पळसफूल, कागद फाडणं आणि चौकशी लावणं या दोन्हींपेक्षा वाईट तिसरा प्रकार असतो, तो हा. ठेवून द्यायचं आणि कुजबुजायचं.

वैशाखवणवा
@खडू, तुमच्यावर अन्याय झाला हे मान्य. पण बघा, तुमचं आणि माझं दुखणं एकच निघालं. माझा अर्ज सगळ्यांनी वाचला, तुमचा तुम्हाला सोडून सगळ्यांनी वाचला.

लेखणी_नको_खडू_द्या
खरंय.

इन्चार्ज_सिस्टर
मी इतका वेळ नुसती वाचत होते. मेडिसिन वॉर्डला आहे, निवृत्तीला थोडीच वर्षं राहिलीत. डॉक्टर मंडळींनो, तुमच्या समितीत सिस्टर आहे का? मामा, मावशी यांच्यातलं कुणी? नसणारच.

कोणता इंटर्न रात्री बोलावल्यावर येतो आणि कोणता खोलीतूनच "सलाईन चालू ठेवा" म्हणतो, कोणता रेसिडेंट बीपी न बघता मागचाच आकडा पुढे लिहितो, कुठले मोठे सर गरीब पेशंटला हात न लावता पुढे जातात, हे सगळं आम्हाला ठाऊक असतं. प्रोफेसरांसमोर सगळेच गुणी असतात. वॉर्ड म्हणजे सासर आहे, माणूस कसा आहे ते तिथे नांदल्यावर कळतं.

एकदा एका रेसिडेंटने न दिलेल्या औषधाची नोंद केली, मी चार्टवर लाल पेनने खूण केली. बोलणी मलाच बसली, "डॉक्टरांच्या कागदावर लिहिता?" म्हणून. मी लिहायचं सोडलं नाही, पण सगळ्याजणी माझ्यासारख्या भांडकुदळ नसतात.

सारिका_नोट्स
सिस्टर, __/\__. शिक्षणशास्त्रात याला ३६० अंशांचं मूल्यमापन म्हणतात आणि त्यावर आम्ही कार्यशाळा घेतो. कार्यशाळेला सिस्टरांना बोलावत नाही.

जुना_स्काल्पेल
सिस्टरांशी सहमत. आमच्या काळीही इन्चार्ज सिस्टरला सगळे टरकून असायचे, प्रोफेसरसुद्धा.

पण माझा मुद्दा कुणी खोडला नाही. कडक शिकवणं आणि छळ यातली रेघ कोण ओढणार?

तृतीय_वर्ष_अंतिम_आशा
सर, मी ओढू का? मी थर्ड इयरला आहे. गाठ चुकल्यावर "ही गाठ सुटेल, पुन्हा बांध" असं कितीही जोरात ओरडा, आम्हाला चालतं. खरंच. ते आमच्या गाठीबद्दल असतं. नीटचे मार्क विचारणं आमच्या गाठीबद्दल नसतं. तो प्रश्न सगळ्यांना एकाच आवाजात विचारला तरी सगळ्यांना सारखा ऐकू येत नाही. कॅपच्या (केंद्रीय प्रवेशप्रक्रियेच्या) कुठल्या राउंडला, कुठल्या यादीतून आलो हे विचारणं म्हणजे जात विचारणंच, फक्त पुरावा न ठेवता.

पवईच्या आयआयटीने २०२३ च्या सूचनांमध्ये जेईईची रँक किंवा गेट परीक्षेचे गुण विचारू नका असं स्पष्ट लिहिलंय. इंजिनीअरांना कळलं, आपल्याला अजून नाही.

आणि आम्ही सही का करत नाही, तर २०१९ मध्ये मुंबईच्या नायर रुग्णालयात रेसिडेंट डॉ. पायल तडवींचं काय झालं ते आम्ही सगळ्यांनी वाचलंय. सीनिअरांच्या जातीवाचक छळामुळे त्यांनी आत्महत्या केली, असा आरोप होता. तीन सीनिअर डॉक्टरांवर गुन्हा दाखल झाला, पण त्या गेल्यावर. आधी सांगून पाहिलं होतं, असं त्यांच्या घरच्यांचं म्हणणं होतं.

मिरज_मेल
अंतिम आशा, "फक्त पुरावा न ठेवता". बरोबर बोललात.

जुना_स्काल्पेल
@अंतिम_आशा, हे मान्य आहे. आमचे सर शिव्या घालायचे, पण मार्क कधी विचारले नाहीत. तेव्हा नीट नव्हती म्हणा. पण कुणाचा कोण, हे विचारणारे तेव्हाही होतेच. मी त्या यादीत नव्हतो, त्यामुळे मला ते ऐकू आलं नसेल.

फोर्सेप्स फेकण्याबद्दल मात्र माझं मत बदललेलं नाही.

खोडकर_खारूताई
फोर्सेप्स फेका सर, फक्त ऑटोक्लेव्ह केलेला नको, वाया जातो.

पळसफूल
सगळ्यांचे आभार. काल समितीची बैठक झाली, काय ठरलं ते लिहिते.

त्या निनावी कागदावरून कुणालाही शिक्षा नाही, नोटीसही नाही. पण फाडलाही नाही. आवक क्रमांक देऊन नोंदवला. @खडू यांचा अनुभव मी (नाव न घेता) सांगितला आणि त्यावरून एक नियम झाला: ज्याच्याबद्दल कागद आहे त्याला तो दाखवायचा, आणि पुढे काय झालं तेही त्याला लेखी कळवायचं. इथे मात्र कागदावर नाव नाही, म्हणून विभागातल्या एका वरिष्ठ मॅडम त्या सरांशी एकट्याने बोलतील, कटिंगसहित. डीनच्या सहीने सरसकट परिपत्रक निघेल: प्रवेशपरीक्षेचे गुण, रँक, फेरी विचारू नये. त्यानंतरही विचारलं तर ते "सहज" विचारलेलं राहत नाही.

प्रत्येक पोस्टिंगच्या शेवटी निनावी पाहणी. छोट्या तुकडीत अक्षरावरून नाही तरी मजकुरावरून माणूस ओळखू येतो, म्हणून तीन-चार तुकड्यांचे कागद एकत्र करूनच उघडायचे. सिस्टरांसाठी समितीत एक जागा. मामा-मावशींसाठीही मागितली होती, ती नामंजूर झाली. कारण दिलं की मीटिंगच्या वेळी त्यांची ड्यूटी असते.

कायद्यातलं प्रकरण असेल तर त्याच दिवशी संबंधित समितीकडे, आमच्याकडे थांबवायचं नाही.

तक्रारपेटी हॉस्टेलच्या मेसजवळ हलवली.

वैशाखवणवा
चांगलं आहे, मनापासून. एकच विचारते. पाहणीचा निकाल आधी कुणाच्या हातात जाणार?

पळसफूल
तिथेच अडलंय. डीनसाहेबांचं म्हणणं, एचओडींना डावलल्यासारखं वाटायला नको, म्हणून एचओडींमार्फत डीनकडे. मी विरोध नोंदवला. त्यावर बैठक संपली, पुढची अजून ठरलेली नाही.

वैशाखवणवा
मग थिसिस जमा होईपर्यंत तो फॉर्म कुणी खरा भरणार नाही, आत्ताच सांगून ठेवते.

कलमबहाद्दर
ताई, विरोध "नोंदवला" म्हणजे तोंडी बोललात की इतिवृत्तात आलाय? इतिवृत्त मंजुरीला येईल तेव्हा तुमचं वाक्य तुमच्या शब्दांत आहे की नाही ते बघा. नसेल तर सही करण्याआधी दुरुस्ती लेखी द्या आणि पोच घ्या.

पळसफूल
इतिवृत्त एचओडींच्या ऑफिसात टाइप होतंय. उद्या जाऊन बघते.